लाल खडकांचा वळसा आणि पाण्याचा हिशेब

अमेरिकेच्या युटा राज्यातील कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा समोर ठेवला, की 'सिंक्लाइन लूप' ही पायवाट फारशी भीतिदायक वाटत नाही. एका विवराला बाहेरून घातलेला सुमारे १३ किलोमीटरचा वळसा. जिथून निघायचे, तिथेच परत यायचे. चढ-उताराचा फरक सुमारे ४०० मीटर. शहरातील रस्त्यांवर २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या धावपटूला हे अंतर किरकोळ वाटावे. परंतु उद्यान प्रशासन याच १३ किलोमीटरसाठी चालणाऱ्यांना पाच ते सात तास हाताशी ठेवण्यास सांगते आणि त्यासोबत एक इशाराही देते. या उद्यानातील सर्वाधिक बचावमोहिमा याच वाटेवर राबवाव्या लागतात.

१२ जुलै २०२४ रोजी याच वाटेवर विस्कॉन्सिन राज्यातून आलेल्या बाप-लेकीचा मृत्यू झाला. वडील ५२ वर्षांचे, मुलगी २३ वर्षांची. दोघे पायी भ्रमंतीसाठी निघाले होते. ते वाट चुकले आणि जवळचे पाणी संपले. त्या दिवशी पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. त्यांनी आपत्कालीन क्रमांकावर संदेश पाठवला. बचावपथक पोहोचले, तेव्हा दोघांचाही प्राण गेला होता.

डोंगर-दऱ्यांतील पायवाटांवरून धावण्याचा, म्हणजेच 'ट्रेल रनिंग'चा छंद गेल्या दोन दशकांत जगभर फोफावला आहे. लाल वालुकाश्माचे कडे, नैसर्गिक कमानी आणि मैलोन्‌मैल मोकळे क्षितिज यांमुळे युटामधील मोआब हे गाव या छंदाचे एक मोठे केंद्र बनले आहे. या प्रदेशातील देखणे वळसे धावपटूंना खुणावतात. मात्र वाळवंटात धावण्याचे गणित डांबरी रस्त्यावरील गणिताहून वेगळे असते. ते समजून न घेता निघालेल्याला १३ किलोमीटरही पुरेसे जड जाऊ शकतात.

विवराभोवतीची खंदकासारखी दरी

कॅनियनलँड्स हे राष्ट्रीय उद्यान सप्टेंबर १९६४ मध्ये स्थापन झाले. कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी पठार कोरून काढत या उद्यानाचे वेगवेगळे विभाग केले आहेत. त्यांपैकी 'आयलंड इन द स्काय' हे दोन नद्यांमधील उंच पठार. मोआबपासून गाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर, या पठाराच्या वायव्य टोकाजवळ 'अपहीव्हल डोम' नावाची सुमारे पाच किलोमीटर व्यासाची वर्तुळाकार रचना आहे. सिंक्लाइन लूप तिच्याच भोवती फिरतो.

ही रचना कशी घडली, यावर भूशास्त्रज्ञांमध्ये अनेक दशके वाद होता. या प्रदेशाच्या पोटात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या मिठाचे जाड थर आहेत. वरच्या खडकांच्या भाराखाली मीठ हळूहळू वाहते आणि फुगवट्याच्या रूपाने वर येते. त्यामुळे हा मिठाचा घुमट असावा, असे एका गटाचे म्हणणे होते. दुसरा गट उल्कापाताकडे बोट दाखवत होता. २००८ मध्ये जर्मन संशोधकांनी येथील वालुकाश्मात प्रचंड आघाताच्या खुणा असलेले क्वार्ट्‌झचे कण सापडल्याचे प्रसिद्ध केले. अशा खुणा केवळ अतितीव्र दाबाखाली उमटतात. त्यामुळे उल्कापाताच्या बाजूचे पारडे निर्णायकपणे जड झाले.

मराठी वाचकाला येथे बुलडाणा जिल्ह्यातील लोणारची आठवण येणे साहजिक आहे. तथापि दोन्हींत मोठा फरक आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवर बसाल्टच्या कठीण खडकात असून भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण आहे. त्याचा वाडग्यासारखा आकार अजून शाबूत आहे. अपहीव्हल डोमचे मूळ विवर मात्र झिजून केव्हाच नाहीसे झाले. आज दिसतो तो त्याच्या मुळाशी असलेला, वेड्यावाकड्या दुमडलेल्या खडकांचा भाग.

या भूशास्त्राचा धावपटूशी थेट संबंध आहे. मध्यभागी वर उचलल्या गेलेल्या खडकांच्या बाहेरील बाजूस थर खाली वाकले आहेत. अशा खाली वाकलेल्या घडीला भूशास्त्रात 'सिंक्लाइन' म्हणतात. पायवाटेचे नाव त्यावरूनच पडले. या घडीच्या रेषेने पाण्याने दरी कोरली आणि विवराभोवती जणू खंदक तयार झाला. वाट त्या खंदकातून जाते. आतल्या बाजूला 'विंगेट' वालुकाश्माचे उभे तांबडे कडे आहेत, तर बाहेरच्या बाजूला पठाराची भिंत. मधल्या टप्प्यात कुठेही वर चढून गाडीपर्यंत पोहोचण्याचा जवळचा मार्ग नाही. एकदा खाली उतरले, की वळसा पूर्ण करणे किंवा आल्या वाटेने परत फिरणे, एवढे दोनच पर्याय उरतात.

आधी उतार, शेवटी चढ

सह्याद्रीतील गडावर जाणारा माणूस आधी चढतो आणि मग उतरतो. दमला, तर अर्ध्यातून मागे फिरतो आणि परतीची वाट उताराची असते. पठारावरून दरीत उतरणाऱ्या वाटांचा क्रम नेमका उलटा आहे. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतार सोपा जातो. धावपटूचा वेग चांगला पडतो आणि आत्मविश्वास वाढतो. चढ मात्र शेवटी, ऊन तापल्यावर आणि पाणी निम्म्यावर आल्यावर समोर येतो.

सिंक्लाइन लूप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण करावा, असे उद्यान प्रशासन सुचवते. तसे केल्यास दुपारच्या टप्प्यात सावली अधिक मिळते. या दिशेने निघाल्यावर वाट प्रथम नागमोडी वळणे घेत खाली अपहीव्हल कॅनियनच्या कोरड्या पात्रात उतरते. तेथे तीन फाटे लक्षात ठेवावे लागतात. एक फाटा ग्रीन नदीकडे जातो. दुसरा विवराच्या पोटात शिरतो आणि तो जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटरची भर घालतो. तिसरा म्हणजे वळशाची मूळ वाट. ती सिंक्लाइन दरीत शिरते आणि मोठमोठ्या शिलाखंडांच्या पसाऱ्यातून वर चढते. या पसाऱ्यात धावणे तर दूरच, अनेक ठिकाणी हात टेकवून चढावे लागते. शहरातील धावेवरून बांधलेला वेळेचा अंदाज येथेच कोलमडतो.

वेळ वाढला, की पाण्याचा हिशेब चुकतो. वाळवंटातील बहुतेक दुर्घटनांची साखळी याच कडीपासून सुरू होते.

न दिसणारा घाम

मुंबईच्या दमट हवेत धावणाऱ्याचा सदरा दहा मिनिटांत ओलाचिंब होतो. त्यामुळे आपण किती घाम गाळत आहोत, हे त्याला कळते. वाळवंटाची गोष्ट वेगळी. हवा इतकी कोरडी असते, की घाम त्वचेवर येताच उडून जातो. कपडे कोरडे राहतात आणि आपण फारसे घामाघूम झालो नाही, असा भ्रम होतो. प्रत्यक्षात उन्हात धावणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी सहज निघून जाते.

या भागात फिरणाऱ्या प्रत्येकाने दिवसाला किमान चार लिटर पाणी सोबत ठेवावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. चार लिटर पाण्याचे वजन चार किलो होते. ट्रेल रनिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या पाठपिशव्यांत साधारण दीड ते दोन लिटर पाणी मावते. हलके राहावे, वेगाने जावे, हा या खेळाचा मूळ विचार आहे. तो पाणवठे असलेल्या डोंगरात योग्य ठरतो. सिंक्लाइन लूपच्या सुरुवातीच्या ठिकाणी मात्र पाण्याचा नळ नाही, दुकान नाही. वाटेत पाणी मिळेलच, यावर विसंबून राहता येत नाही. म्हणजेच जे पाठीवर आहे, तेवढेच आपले.

केवळ पाणी पीत राहणेही पुरेसे नाही. घामातून मीठही जाते. मीठ न घेता अति पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते आणि तीही जीवघेणी अवस्था ठरू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताच्या तपासणीत १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले होते. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'जमेल तितके पाणी प्या' या जुन्या सल्ल्याला त्यामुळे धक्का बसला. तहानेनुसार पाणी, सोबत खारट खाऊ किंवा जलसंजीवनीसारखे क्षारयुक्त पेय, ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते.

उष्माघातात शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा वेळी पाय थकण्याबरोबरच विचारशक्तीही मंदावते. माणूस गोंधळतो, फाटा चुकतो, सावलीत थांबण्याऐवजी उन्हात चालत राहतो. त्यात तांबडे कडे दिवसभर तापून उष्णता परत फेकत असतात. दरीत वारा नसतो. अशा वेळी सोबत्याने रुग्णाला तातडीने सावलीत नेऊन कपडे भिजवणे, वारा घालणे आणि मदत मागवणे आवश्यक असते. एकट्या धावपटूसाठी हे करणारे कुणी नसते.

दगडांच्या राशी वाचण्याची कला

मातीच्या वाटेवर पाऊलखुणा उमटतात. उघड्या खडकावर त्या उमटत नाहीत. म्हणून येथे दगडावर दगड रचून केलेल्या छोट्या राशींनी वाट दाखवलेली असते. एका राशीपाशी उभे राहिल्यावर पुढची दिसली पाहिजे, हा साधा नियम. ती दिसत नसेल, तर पुढे न जाता मागच्या राशीपाशी परतायचे.

चालणाऱ्याला हे सोपे जाते. धावणाऱ्याची नजर मात्र सतत पायांखालच्या तीन-चार पावलांवर असते. वळणावरची रास त्याच्या नजरेतून सहज निसटते. कोरड्या ओढ्याचे रुंद, सपाट पात्र तर रस्त्यासारखेच भासते. खरी वाट बाजूच्या खडकावर चढून गेलेली असते आणि धावपटू पात्रातून पुढे निघून जातो. आधी चुकलेल्या कुणाच्या पाऊलखुणा वाळूत दिसल्या, की चूक पक्की होते. दहा मिनिटांची ही चूक परतीसह वीस मिनिटांची होते आणि तेवढे पाणी अधिक खर्ची पडते.

खडकाचाही स्वभाव जाणून घ्यावा लागतो. येथील गुळगुळीत वालुकाश्माला 'स्लिकरॉक' म्हणतात. घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत, म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. रबरी तळव्याचे बूट मात्र कोरड्या स्लिकरॉकवर उत्तम पकड घेतात आणि त्यामुळेच धावपटूंना तो प्रिय आहे. ओला झाला किंवा त्यावर बर्फाचा पातळ थर बसला, की हाच खडक विश्वासघात करतो.

दोन रात्री आणि एक श्वान

धोका केवळ उन्हाळ्यापुरता नाही, हे डिसेंबर २००६ मधील एका घटनेने दाखवून दिले. साहसी शर्यतींमधील नामवंत अमेरिकन धावपटू डॅनेल बॅलेंजी मोआबजवळील 'अमासा बॅक' परिसरात नेहमीच्या सरावासाठी निघाल्या. सोबत त्यांचा 'टाझ' हा श्वान होता. खडकावरील बर्फाच्या पातळ थरावरून त्यांचा पाय घसरला आणि त्या सुमारे १८ मीटर खाली कोसळल्या. कंबरेच्या हाडांचा चुरा झाला. उभे राहणे अशक्य झाले. कोणत्या वाटेने जात आहोत, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

गोठणबिंदूखालील थंडीत त्यांनी दोन रात्री काढल्या. शेजारच्या डबक्यातील पाणी पिऊन आणि शरीर सतत हलते ठेवून त्या तग धरून राहिल्या. त्या घरी परतल्या नसल्याचे शेजाऱ्यांच्या लक्षात आले आणि शोध सुरू झाला. पायवाटेच्या सुरुवातीला त्यांची गाडी सापडली. तेथे आलेल्या शोधपथकाला टाझने त्यांच्यापर्यंत नेले. पडल्यापासून सुटकेपर्यंत सुमारे ५२ तास उलटले होते. पुढे त्या बऱ्या होऊन शर्यतींत परतल्या.

या घटनेतील धावपटू नवखी नव्हती. वाट अनोळखी नव्हती. चुकले ते एवढेच, की काही बिघडल्यास पुढे काय, याची तजवीज नव्हती. त्याआधी एप्रिल २००३ मध्ये युटामधीलच ब्लूजॉन कॅनियनमध्ये एकटे गेलेले गिर्यारोहक ॲरन राल्स्टन यांचा हात निखळलेल्या शिळेखाली अडकला होता. त्यांनीही जाण्याचे ठिकाण कुणाला कळवले नव्हते. पाच दिवसांनंतर स्वतःचाच हात कापून त्यांनी सुटका करून घेतली. त्यांच्यावरील '१२७ अवर्स' हा २०१० चा चित्रपट ए. आर. रहमान यांच्या संगीतामुळे भारतीय प्रेक्षकांनाही परिचित आहे.

उद्यानातील दऱ्यांत मोबाइलची रेंज क्वचितच मिळते. संदेश पोहोचला, तरी मदत पायी किंवा हेलिकॉप्टरने यावी लागते आणि त्यात काही तास जाऊ शकतात. ते तास निभावून नेण्याइतके पाणी, ऊब आणि सावली आपल्याजवळ आहे का, हा प्रश्न धावपटूने निघण्यापूर्वीच स्वतःला विचारायचा असतो.

पायाखालची जिवंत माती

वाट न सोडण्यामागे आणखी एक कारण आहे. झुडपांमधल्या वाळूवर काळपट, खडबडीत, फुगलेला थर दिसतो. तो निर्जीव नाही. सायनोबॅक्टेरिया, दगडफुलासारखी शैवाके आणि शेवाळ यांनी मिळून तो विणलेला असतो. सायनोबॅक्टेरियांचे चिकट तंतू वाळूचे कण एकमेकांशी बांधतात. त्यामुळे वाऱ्याने आणि पावसाने माती वाहून जात नाही. हा थर पाणी धरतो, हवेतील नायट्रोजन मातीत आणतो आणि वाळवंटातील झाडांना आधार देतो. एका पावलाने तो चुरडतो. पूर्ववत होण्यास मात्र अनेक दशके लागू शकतात.

खडकावरील खळग्यांत साचलेल्या पाण्याचीही हीच गोष्ट. कोरड्या दिसणाऱ्या खळग्यातही चिमुकल्या कोळंबीवर्गीय जीवांची अंडी पावसाची वाट पाहत पडलेली असतात. म्हणून धावताना खडक, वाळूचे पात्र किंवा आखलेली वाट यांवरच पाय ठेवावा, असा येथील दंडक आहे. समोरून कुणी आले, तर बाजूच्या मातीवर उतरण्याऐवजी थांबून वाट द्यायची.

ऋतू निवडा, मग वाट

या प्रदेशात वर्षभरात जेमतेम २५ सेंटिमीटरच्या आत पाऊस पडतो. एकाच दिवसातील किमान व कमाल तापमानात २० अंशांहून अधिक फरक पडू शकतो. एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हे काळ धावण्यास सर्वांत अनुकूल. तेव्हा दिवसाचे तापमान साधारण १५ ते २७ अंशांच्या दरम्यान असते. जून ते ऑगस्ट या महिन्यांत पारा अनेकदा ३८ अंश ओलांडतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वादळी सरी येतात. दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालील कोरड्या पात्रात अचानक येऊन धडकू शकतो. हिवाळ्यात सावलीच्या बाजूला बर्फ टिकून राहतो. २०१७ पासून होणारी सुमारे ३८६ किलोमीटरची 'मोआब २४०' ही अतिदीर्घ शर्यतही ऑक्टोबरमध्येच घेतली जाते.

सिंक्लाइन लूप हा धावण्यासाठी निषिद्ध मार्ग नाही. सराव झालेल्या, वाट वाचता येणाऱ्या आणि योग्य ऋतूत पहाटे निघालेल्या धावपटूला तो कायम लक्षात राहील असा दिवस देतो. तांबड्या कड्यांवर सरकणारी उन्हे, अरुंद दरीतली गार सावली आणि कोट्यवधी वर्षांच्या थरांमधून जाणारी वाट यांचा आनंद घड्याळातील वेगाशी बांधलेला नाही. धावायचे की चालायचे, हे तर पायाखालचा खडकच अनेकदा ठरवतो. निर्धारित वेळेत निम्मे अंतर कापले गेले नाही किंवा निम्मे पाणी आधीच संपले, तर मागे फिरण्याचा निर्णय मात्र धावपटूलाच घ्यावा लागतो.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

• कोणती वाट, कोणती दिशा आणि परतण्याची वेळ, हे घरच्यांना किंवा मुक्कामाच्या ठिकाणी लेखी कळवावे. ठरल्या वेळी न परतल्यास कुणाला फोन करायचा, हेही सांगून ठेवावे.

• मोआबमधूनच पाणी भरून घ्यावे. माणशी किमान चार लिटर पाणी आणि सोबत खारट खाऊ किंवा क्षारांची पाकिटे ठेवावीत. गाडीतही जादा पाणी असावे.

• छापील नकाशा, टोपी, शिट्टी, विजेरी आणि अंगाभोवती लपेटण्याचे चंदेरी पांघरूण यांचे वजन फार नसते. ते सोबत असावेच. शक्य असल्यास उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र घ्यावे.

• पुढची दगडांची रास दिसेनाशी झाल्यास मागच्या राशीपर्यंत परतावे. अंदाजाने पुढे जाऊ नये.

• वाट चुकल्यास आणि पाणी कमी असल्यास भर उन्हात भटकू नये. सावली गाठून थांबावे आणि मदतीची वाट पाहावी.

• राष्ट्रीय उद्यानातील पायवाटांवर श्वानांना मनाई आहे. टाझसारखा सोबती येथे नेता येत नाही. त्यामुळे शक्यतो माणसाची सोबत घ्यावी.